दांड्या फुल, नेट नाही

"मॅडम, दांड्या फुल आहेत, पण नेट नाही."

हे वाक्य मी गेली चौदा वर्षं ऐकते आहे. कॉलेजात, कारखान्यात, दवाखान्यात, पतपेढीच्या मागच्या खोलीत. माणसं बदलतात, वाक्य तेच राहतं. सुरुवातीला मी ते नुसती तक्रार म्हणून ऐकायचे आणि मनात म्हणायचे, सिग्नल पूर्ण आहे ना, मग बिघाड पुढे कुठेतरी असणार. लाइनमध्ये, सर्व्हरमध्ये, नाहीतर फोनमध्येच. त्या सात शब्दांतच पूर्ण निदान असू शकतं हे मला कळलं ते २०१७ च्या पावसाळ्यात, पुण्याजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात.

वसतिगृह चार मजली. प्रत्येक मजल्यावर लांबलचक पॅसेज आणि पॅसेजच्या छताला ओळीने चार एपी. एपी म्हणजे अॅक्सेस पॉइंट, ती थाळीसारखी पांढरी पेटी. तिच्या पोटात दोन रेडिओ असतात, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ गिगाहर्ट्झचा. बसवून वर्ष झालं होतं. वर्षभर तक्रारी येत होत्या आणि दर तक्रारीला एकच उपाय झाला होता: पॉवर वाढवा. मी पोहोचले तेव्हा सोळाच्या सोळा एपी पूर्ण पॉवरवर होते, आणि रात्री दहानंतर असाइनमेंट अपलोड करायला मुली जिन्यात बसत होत्या. खोलीत नेट चालत नाही, जिन्यात चालतं, हा सगळ्यांचा अनुभव होता. पायऱ्यांवर चटया टाकून, भिंतीला टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेल्या त्या दहा-बारा मुली मला अजून दिसतात.

रेक्टर मॅडमनी मला खोल्यांत जाऊ दिलं, कारण मी बाई होते. माझ्याआधी आलेल्या मुलांना पॅसेजच्या पुढे प्रवेश नव्हता. त्यांनी पॅसेजमध्ये उभं राहून वेग मोजला होता, तो उत्तम आला होता, आणि तसा अहवाल देऊन ते गेले होते. पण मुली पॅसेजमध्ये राहत नाहीत. दार लावून, लोखंडी कपाटाच्या आडोशाला, खाटेवर मांडी घालून त्या अभ्यास करतात. मोजायचं ते तिथे.

तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली. तीन खाटा, तीन कपाटं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, खिडकीत स्टीलचा डबा. दाराजवळच्या खाटेवरच्या मुलीने आपला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, बघा तुम्हीच." वायफायची खूण बऱ्यापैकी भरलेली, पान मात्र उघडत नव्हतं. मी लॅपटॉप खाटेवर ठेवून कंट्रोलरच्या, म्हणजे सगळे एपी एका जागेवरून सांभाळणाऱ्या यंत्रणेच्या, यादीत तिचा फोन शोधला. तिच्या दारापासून दहा पावलांवर एपी होता. फोन त्याला जोडलेलाच नव्हता. तो जोडलेला होता तळमजल्यावरच्या मेसमधल्या एपीला. सकाळी ती पोह्यांच्या रांगेत उभी असताना फोनने तो धरला, आणि मग सोडलाच नाही. मेसचा एपी नेमका त्या कोपऱ्याखालच्या डक्टला लागून होता आणि पूर्ण जोर लावून ओरडत होता. फोनला तो वरपर्यंत मायनस ७१ डीबीएम इतका ऐकू येत होता. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका आवाज मोठा. मायनस ७१ काही वाईट नाही. दुसरं कुणी शोधावं असं फोनला वाटलंच नाही. कोणता एपी धरायचा आणि कधी सोडायचा हे फोन ठरवतो, एपी ठरवत नाही. ही एक गोष्ट माहीत नसल्यामुळे आमच्या धंद्यात किती पैसे वाया जातात याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

मी दुसऱ्या रकान्यात पाहिलं. मेसच्या एपीला हा फोन किती ऐकू येतोय? मायनस ८२. आजूबाजूला पंधरा रेडिओंचा कालवा चालू असताना मायनस ८२ म्हणजे कुजबुजसुद्धा नाही.

गावाकडे देवळावरचा भोंगा ओढ्यापलीकडच्या मळ्यातही ऐकू येतो. मळ्यातल्या माणसाने तिथून ओ दिली तर देवळात कुणाला ऐकू येणार? भोंग्याचा आवाज वाढवला म्हणून त्याची ओ मोठी होत नाही. फोनवरच्या दांड्या फक्त भोंग्याचा आवाज मोजतात. आपली ओ पोहोचली की नाही, हे त्या सांगत नाहीत. ते नेहमीचं वाक्य खरं होतं: दांड्या फुल, आणि नेट नाही.

इथे थोडं गणित सांगायलाच हवं. रेडिओची पॉवर डीबीएममध्ये लिहितात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॅट. माझ्या पहिल्या नोकरीतल्या वरिष्ठांनी पाढ्यासारखं पाठ करून घेतलं होतं: तीन वाढले की दुप्पट, तीन घटले की निम्मं, दहा वाढले की दसपट. म्हणजे २० डीबीएम म्हणजे १०० मिलिवॅट आणि २३ म्हणजे २००. वसतिगृहातले एपी २३ वर होते. खिशातला फोन बॅटरी सांभाळत १२-१३ वर बोलतो, म्हणजे १६ ते २० मिलिवॅट. एका बाजूला दसपट मोठा गळा आणि दुसऱ्या बाजूला लहान मूल, असा तो संवाद. ऐकू येणारे आकडे मायनसमध्ये येतात, कारण हवेतून, भिंतींतून, माणसांच्या अंगातून जाता जाता पोहोचतं ते अगदी किरकोळ. बोलणं न तुटता कॉल व्हावा यासाठी आम्ही मायनस ६७ ची मर्यादा धरतो. ही मर्यादा म्हणजे एका वॅटचा पाच अब्जावा भाग. एवढ्याशा कणातून यंत्र शब्द वेचून काढतं, याचं मला आजही नवल वाटतं. आणि म्हणूनच त्याच्या कानाशी विनाकारण गोंगाट करणं मला अन्याय वाटतो.

गोंगाटाचा दुसरा भाग चॅनलचा होता. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १ ते १३ असे तेरा चॅनल दिसतात. तेरा दिसतात म्हणून माणूस तेरा वापरतो. पण हे तेरा खुंट फक्त पाच-पाच मेगाहर्ट्झवर ठोकलेले आहेत, आणि एका एपीला बसायला वीस-बावीस मेगाहर्ट्झची जागा लागते. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न बसता मावतात ते तीनच: १, ६ आणि ११. वसतिगृहात कुणीतरी कष्ट घेऊन १, ३, ५, ७, ९ असे चॅनल वाटले होते. प्रत्येकाला वेगळा, म्हणजे भांडण नको, असा विचार त्यामागे असणार. विचार चांगला होता, परिणाम वाईट. वायफायचे रेडिओ बोलण्याआधी ऐकतात. आपल्याच चॅनलवर कुणी बोलत असेल तर थांबतात, मग बोलतात. दोन एपी एकाच चॅनलवर असले तर ते एकमेकांना ओळखून पाळीपाळीने बोलतात. एक ३ वर आणि दुसरा ५ वर असला तर शेजाऱ्याचे शब्द कळत नाहीत, नुसती खरखर ऐकू येते. मग पाळी कसली, दोघंही एकमेकांवर बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. एका देवळातली दोन भजनी मंडळं पाळी लावून गाऊ शकतात. शेजारच्या मांडवातल्या डीजेशी पाळी लावता येत नाही.

ऐकून मग बोलण्याची ही शिस्त आपोआप आलेली नाही. नॉर्मन अब्रॅमसन यांनी हवाई विद्यापीठात उभारलेल्या अलोहानेटने १९७१ मध्ये बेटाबेटांवरची यंत्रं रेडिओने जोडली, तेव्हा नियम साधा होता: सांगायचं असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर पुन्हा बोला. या पद्धतीत चॅनलचा जेमतेम १८ टक्के वेळ कामी येतो, हे लवकरच गणिताने दिसलं. पुढे १९९७ मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं ते 'आधी ऐका' हा नियम पोटात घेऊनच. नियम यंत्रात आहे. तो पाळता येईल अशी जागा यंत्राला देणं हे आमचं काम.

आणि तिसरी गोष्ट, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. वसतिगृहात सात नावांची वायफाय होती: विद्यार्थिनींचं, शिक्षकांचं, पाहुण्यांचं, कार्यालयाचं, परीक्षेचं, कॅमेऱ्यांचं, आणि एक जुन्या कंत्राटदाराचं, जे कुणी काढलंच नव्हतं. प्रत्येक नावासाठी एपी सेकंदाला जवळजवळ दहा वेळा दवंडी पिटतो, 'मी इथे आहे, मी इथे आहे.' तिला बीकन म्हणतात. ही दवंडी सगळ्यांना कळावी म्हणून ती सर्वांत कमी वेगात दिली जाते, आणि इथे सर्वांत कमी वेग होता १ एमबीपीएस, १९९० च्या दशकातला. त्या वेगात तीनशे बाइटच्या एका बीकनला अडीच मिलिसेकंदांहून जास्त लागतात. सात नावं, दहा वेळा: सेकंदातले सुमारे १८० मिलिसेकंद नुसत्या दवंडीत. हे एका एपीचं. त्या कोपऱ्यातल्या खोलीत एकाच चॅनलवर असे चार एपी ऐकू येत होते. कुणी एक अक्षरही डाउनलोड करण्याआधी हवेतला सत्तर टक्के वेळ संपलेला! मी खाटेवर बसून कागदावर हा गुणाकार केला, मग पुन्हा केला, कारण माझा विश्वास बसेना.

जिन्यात का चालत होतं, हेही तेव्हाच उलगडलं. जिन्याच्या भिंती जाड आरसीसीच्या होत्या. बाकीच्या एपींचा कालवा त्या भिंती अडवत होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी असलेला एकच एपी स्पष्ट ऐकू येत होता. मुलींनी रोजच्या गरजेतून इमारतीतली शांत जागा हुडकली होती, आणि वर्षभर ती त्यांची तक्रार समजली जात होती. खरं तर तो सर्व्हे होता.

तीन रात्री काम चाललं. सात नावांची दोन केली. चॅनल १, ६, ११, बाकी काही नाही. २.४ गिगाहर्ट्झचे निम्मे रेडिओ चक्क बंद केले, तेव्हा रेक्टर मॅडम काळजीत पडल्या, "आधीच चालत नाही, त्यात तुम्ही बंद करताय?" उरलेल्यांची पॉवर ११ डीबीएमवर आणली, म्हणजे २०० मिलिवॅटवरून साडेबारावर. ५ गिगाहर्ट्झचे सगळे चालू, पण १७ वर. या लहरी भिंतीत लवकर विरतात, म्हणून त्यांना सहा डीबी जास्त द्यायचे, म्हणजे खोलीतल्या फोनला त्याच जवळच्या वाटतात. किमान वेग १ वरून १२ एमबीपीएसवर नेला. तीच दवंडी आता अडीचऐवजी पाव मिलिसेकंदात संपू लागली. आणि पॅसेजमधले सहा एपी उचलून खोल्यांत नेले. पॅसेज म्हणजे नळी. एका टोकाचं दुसऱ्या टोकाला ऐकू जातं. भिंत मध्ये आली की एपी एकमेकांपासून सुटतात. इलेक्ट्रिशियन दादा केबल ओढताना म्हणाले, "ताई, एवढे कमी करून चालणार का?" मी हो म्हणाले, पण रात्रभर मला झोप नव्हती.

चौथ्या दिवशी रात्री साडेदहाला मी जिन्याने खाली उतरले. पायऱ्यांवर कुणी बसलेलं नव्हतं. एक चटई मात्र कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली होती.

या यशाने माझ्याकडून एक चूक घडवली, ती सांगायला हवी. २०१९ मध्ये भिवंडीच्या एका गोदामाचं काम आलं. भिवंडीची गोदामं ज्यांनी आतून पाहिली नाहीत त्यांना अंदाज येणार नाही: बारा मीटर उंच पत्रा, त्याखाली माणसाच्या सहापट उंचीचे लोखंडी रॅक, रॅकमधल्या लांब गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून हातात स्कॅनर घेऊन धावणारी मुलं. स्कॅनरवर माल कुठे आहे ते दिसतं, मुलगा तिथे जातो, बारकोड मारतो, खोका ट्रॉलीत टाकतो. प्रत्येक खोक्याला वेळ मोजला जातो. स्कॅनर गोल गोल फिरत राहिला तरी घड्याळ थांबत नाही. म्हणजे रेडिओ अडकतो एकाचा, आकडा पडतो दुसऱ्याच्या नावावर.

सेटिंग माझ्या हातात आल्यावर पहिल्याच संध्याकाळी मी वसतिगृहाचा धडा गिरवला आणि किमान वेग १२ केला. रात्री दीडला फोन आला: लोडिंग थांबलंय. नव्या स्कॅनरना काहीच झालं नव्हतं, पण मागच्या गेटवर ट्रॉलीला बांधलेले चार लेबल प्रिंटर इतके जुने होते की त्यांना ११ एमबीपीएसच्या वरची भाषाच येत नव्हती. मी खालचे वेग बंद केले त्या क्षणी ते मुके झाले. लेबल नाही म्हणून खोके नाहीत, खोके नाहीत म्हणून ट्रक उभे. घरी बसल्या बसल्या मी सेटिंग परत फिरवलं आणि तशीच गाडी काढून पहाटे तिथे पोहोचले. प्रिंटरवर काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं, हे फार जुने आहेत." खरंच होतं. तेव्हापासून कोणत्याही जागेचं किमान वेगाचं खातं मी उघडण्याआधी तिथली सगळी यंत्रं हात लावून पाहते, मॉडेल नंबर वहीत उतरवते, आणि ती वापरणाऱ्या माणसाशी बोलते. त्या चार प्रिंटरसाठी मागच्या गेटवर वेगळा एपी लावला, जुन्या वेगाचा, फक्त त्यांचा.

गोदामाचा मूळ आजार वेगळाच होता. पहिला सर्व्हे झाला तेव्हा रॅक रिकामे होते. रिकाम्या रॅकमधून लहरी आरपार जातात. नकाशा हिरवागार आला, तेवढेच एपी घेतले, पत्र्याखाली टांगले. मग माल आला. सहा ते चौदा क्रमांकाच्या गल्ल्यांत पाण्याच्या बाटल्या आणि खाद्यतेलाचे पत्र्याचे डबे. पाणी २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं, पत्रा त्या परतवून लावतो. त्या गल्ल्यांत खाली जमिनीवर एपीचा आवाज पोहोचेना. मी एका मुलाच्या मागे दोन तास चालले. प्रत्येक वेळी अकराव्या गल्लीच्या मध्यावर आला की तो थांबायचा, स्कॅनर डोक्यावर धरायचा, एक गिरकी घ्यायचा आणि मग बारकोड मारायचा. मी विचारलं, हे कोणी शिकवलं? म्हणाला, "सगळे असंच करतात, मॅडम. इथे देव वरून ऐकतो." त्याच्या पाठीला घामाने शर्ट चिकटला होता आणि तो दिवसातून तीनशे वेळा हात वर करत होता.

तिथेही पॉवर वाढवून पाहिली गेली होती. बारा मीटर उंचावर सगळे एपी एकमेकांना मोकळ्या हवेत स्वच्छ ऐकत होते आणि एकमेकांसाठी थांबत होते. खालच्या मुलापर्यंत मात्र कुणीच पोहोचत नव्हतं. उपाय निघाला अँटेनात. चौफेर पसरणाऱ्या अँटेनांऐवजी दिशा असलेल्या अँटेना गल्लीच्या तोंडाशी, खाली उतरवून, गल्लीच्या रोखाने लावल्या. विजेरीचा झोत टाकावा तसा. पॉवर कमीच ठेवली. अँटेना एका बाजूला बघते म्हणजे त्याच बाजूचं जास्त ऐकतेही, त्यामुळे स्कॅनरची क्षीण ओसुद्धा तिला लागते. दांडगा आवाज एकाच बाजूने काम करतो, चांगला कान दोन्ही बाजूंनी. महिन्याने मी पुन्हा त्या गल्लीत उभी राहिले. मुलगा आला, थांबला नाही, बारकोड मारून पुढे गेला. त्याने मला ओळखलंही नाही. मला फार बरं वाटलं.

सगळ्याच तक्रारी भिंती आणि मालाच्या नसतात. २०२२ च्या पावसाळ्यात मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका कार्यालयात व्हिडिओ कॉल मधूनच तुटत होते. रोज नाही, ठरावीक वेळी नाही, आणि एका मजल्यावरच जास्त. मी एपींच्या नोंदी काढल्या. ओळीमागून ओळ: रडार आढळलं, चॅनल सोडला.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ५२ ते १४४ या चॅनलांवर आपण पाहुणे असतो. ती जागा आधीपासून रडारांची. तिथे बोलायचं तर एपीला आधी किमान साठ सेकंद गप्प राहून ऐकावं लागतं, आणि बोलता बोलता रडारची चाहूल लागली तर ताबडतोब उठून जावं लागतं. अर्धा तास तिकडे फिरकायचं नाही. या एपींना ८० मेगाहर्ट्झची रुंदी दिलेली होती. रुंदी जास्त म्हणजे वेग जास्त, जाहिरातीत छान दिसतं. पण ८० ची एक सतरंजी म्हणजे चार चॅनल एकत्र. त्यातल्या एकावर रडार वाजलं तरी अख्खी सतरंजी गुंडाळायची. आणि वाजत होतं ते ११६ ते १२८ या सतरंजीवर. सी बँडची हवामान रडारं ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, म्हणजे नेमकी तिथेच. जोगेश्वरीजवळच्या वेरावलीत हवामान खात्याचं सी बँडचं डॉप्लर रडार त्याच वर्षी जानेवारीत सुरू झालेलं होतं.

कार्यालयातला एक हुशार तरुण मला म्हणाला, "मॅडम, कंट्रीकोड बदलून टाकू या का? दुसरा देश निवडला की हे रडारचं झंझट जातं आणि पॉवरही जास्त मिळते, मी वाचलंय." एपीत देश निवडायची एक चौकट असते. त्या देशाचे चॅनल आणि पॉवरच्या मर्यादा त्यातून लागू होतात. मी त्याला नाही म्हणाले, आणि मग त्याला चहाला घेऊन गेले, कारण नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. २६ जुलै २००५ ला तो पाच वर्षांचा होता. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला त्या दिवशी मुंबईत एकही डॉप्लर रडार नव्हतं. ढग कुठे चढतोय हे पाहायला शहराला असा डोळा नव्हता. आज तो डोळा आहे. त्याच्यासमोर आपण आपल्या व्हिडिओ कॉलसाठी धूर करायचा का? शिवाय हा पट्टा आपल्याला फुकट मिळालाय तो विश्वासावर. २.४ गिगाहर्ट्झ भारतात परवान्यातून मोकळा झाला २००५ च्या जानेवारीत. ५ गिगाहर्ट्झचा ६०५ मेगाहर्ट्झचा मोठा भाग घराबाहेरही मोकळा झाला २०१८ च्या ऑक्टोबरात. परवाना नाही, भाडं नाही. अट एवढीच की मर्यादेत राहा. चौकटीत खोटा देश निवडणं हा मला साधा तांत्रिक खोडसाळपणा वाटत नाही, तो गुन्हा वाटतो, आणि असं सेटिंग दिसलं की मी ते विचारायला न थांबता दुरुस्त करते.

उपाय तसा सोपा होता. रुंदी ८० वरून २० वर आणली. ८० च्या सतरंज्या या पट्ट्यात जेमतेम सहा बसतात. २० चे चॅनल पंचवीस, आणि त्यातले रडारमुक्त नऊ: ३६ ते ४८ चे चार आणि १४९ ते १६५ चे पाच. कॉल जास्त तुटणाऱ्या मजल्याला त्या नऊमधलेच दिले. स्पीड टेस्टचा आकडा निम्म्याहून खाली आला आणि दोन दिवस मला त्याबद्दल मेल येत राहिले. तिसऱ्या दिवशी मेल थांबले. व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला लागतं ते न तुटणं.

हल्ली कंट्रोलर हे सगळं स्वतः करतात असं सांगितलं जातं, आणि पुष्कळसं ते करतातही. चॅनल वाटतात, पॉवर कमीजास्त करतात. मी त्यांना चालू देते, पण दोन्ही टोकांना कुंपण घालते: ५ गिगाहर्ट्झला कमीत कमी ११, जास्तीत जास्त १७, चॅनल बदलायचे ते रात्री तीन वाजता, ऐन कामात नाही. कारण यंत्राला त्याचे शेजारी एपी ऐकू येतात, त्यावरून ते ठरवतं. कपाटामागे बसलेली मुलगी त्याला ऐकू येत नाही, तेलाच्या डब्यांमधला मुलगा ऐकू येत नाही. तिथे कुणालातरी पायांनीच जावं लागतं.

आणि इथेच माझी खरी खंत आहे. माझ्यासमोर वर्षाला वीस-पंचवीस निविदा येतात. त्यांत एपींची संख्या असते, केबलचे मीटर असतात, स्विचचे पोर्ट असतात, रॅकचे स्क्रूसुद्धा असतात. माणसं राहायला आल्यावर, माल भरल्यावर, पुन्हा एकदा जागेवर फिरून मोजण्यासाठी एक ओळ नसते. त्या ओळीला पैसे नाहीत म्हणून ते काम कुणी करत नाही, आणि मग वर्षभर पॉवर वाढवली जाते. कॉलेज, दवाखाना, सोसायटी, गोदाम, ग्रंथालय, कुठेही अशा कामाचा कागद तुमच्या सहीसाठी येत असेल, तर एवढी एक ओळ त्यात घाला: जागा वापरात आल्यानंतर एका महिन्याने, जिथे माणूस खरोखर बसतो किंवा उभा राहतो तिथे, त्याच्याच हातातल्या यंत्रावर, दोन्ही बाजूंचा सिग्नल मोजून द्यावा. चार मजल्यांच्या वसतिगृहाला हे काम दोन दिवसांचं आहे.